जोड लावणारे हिलाल नाना

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी आई-वडिलांच्याही आधी हिलाल नानांचं नाव घेईन. माझ्या वडिलांना त्याचं वाईट वाटणार नाही. धुळ्याहून परत येताना एकदा ते स्वतःच म्हणाले होते, "तुले जन्म आम्ही दिधा, पन मानूस नानानी करं."

नाना नवीन मुलाला नाव विचारत नसत. गाव, जात, वडील काय करतात, यातलं काहीच नाही. मुलगा समोर उभा राहिला की त्याची मानगूट धरून बोटांनी चाचपायची, दंड दाबायचा, एक पाऊल मागे सरून त्याच्याकडे डोळे बारीक करून बघायचं आणि मग विचारायचं, "तुनी जोड कोन शे?" म्हणजे तुझ्या बरोबरीचा कोण? मी साक्रीकडच्या खेड्यातून बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला धुळ्यात आलो होतो, पाठीला दप्तर आणि हातात गादीची वळकटी. मला वाटलं, म्हातारा कुस्तीबद्दल विचारतोय. मी म्हणालो, "नाना, मी कुस्ती नाही खेळत. मी स्पर्धा परीक्षेला आलोय." ते म्हणाले, "मंग तर जोड लागीच."

नानांची तालीम जुन्या धुळ्यात आहे. पूर्वी तिथे नुसता मातीचा हौद होता. कुस्ती करणारी मुलं कमी झाली आणि अभ्यासाला जागा शोधणारी वाढली, तेव्हा नानांनी अर्ध्या तालमीत फरशी टाकून लांब टेबलं लावली. उरलेल्या अर्ध्यात हौद तसाच ठेवला. त्यामुळे आमच्या अभ्यासिकेत सकाळी राज्यघटनेच्या पुस्तकांशेजारी दोन-तीन पोरं घामाघूम होऊन दम खात बसलेली असत. नाना स्वतः सातवी शिकलेले. राज्यघटनेतलं त्यांना काही कळत नव्हतं आणि कळतं असं त्यांनी कधी दाखवलंही नाही. त्यांना एकच विद्या येत होती. चाळीस वर्षं त्यांनी खानदेशातल्या यात्रांच्या दंगलीत जोडी लावल्या होत्या. कोणत्या पैलवानासमोर कोणाला उभं करायचं हे दंगलीत एकच माणूस ठरवतो. तो चुकला तर एका मिनिटात कुस्ती संपते आणि लोक दगड मारतात. नाना सांगत, "माले एकदाच दगड लागना. तोबी बारीक व्हता."

हीच विद्या त्यांनी आमच्यावर चालवली. नवीन मुलाला शंभर गुणांचा पेपर सोडवायला लावायचे आणि ज्याचे गुण त्याच्या जवळपास असतील त्याच्या समोर बसवायचे. शेजारी नाही, समोर. दोघांचं टेबल एक. रोज संध्याकाळी सहाला प्रत्येकाने आपल्या जोडीसाठी दहा प्रश्न काढायचे, स्वतः शोधून, स्वतःच्या वहीत. वह्यांची अदलाबदल करायची, सोडवायचे, गुण मांडायचे. हा नियम मोडणाऱ्याला टेबल नाही. जळगावच्या मोठ्या क्लासमधून आलेला एक मुलगा एकदा म्हणाला, "नाना, परीक्षेत तो माझ्या विरोधात आहे. मी त्याला कशाला शिकवू?" नानांनी त्याचा हात धरून त्याला हौदात नेलं. आत दोन पोरं सलामी देऊन उभी होती. एकाने वाकून मूठभर माती उचलली आणि दुसऱ्याच्या दंडाला, मानेला, छातीला चोळली. दुसऱ्याने पहिल्याला चोळली. नाना म्हणाले, "हाई देख. घाम आला का आंग घसरतं. घसरनारा मानूस धरता येत नही, मंग कुस्तीच व्हत नही. म्हनीसन आपन त्याले माती लावतस आन तो आपले लावस." तो क्लासवाला मुलगा दुसऱ्या दिवशीपासून आला नाही. नाना म्हणाले, "चांगलं व्हयनं. त्याले जोड नही, गिऱ्हाईक पाहिजे व्हतं."

माझी जोड शकील. त्याचे अब्बा यंत्रमागावर काम करायचे, आणि तो स्वतः सकाळी मागावर दोन तास बसून मग तालमीत यायचा. पहिल्या पेपरात त्याला एकसष्ट, मला साठ. नानांनी आम्हा दोघांच्या माना एकदमच दाबून बघितल्या आणि म्हणाले, "बसा. हाई बराबर लागनं." शकील बसता बसता मला म्हणाला, "एक मार्क जास्त आहे भो, लक्षात ठेव. इज्जत से बात करना."

नानांना आणखी एक छंद होता. भिंतीवरच्या काळ्या फळ्याच्या एका कोपऱ्यात ते शब्द गोळा करत. येईल त्या माणसाला विचारायचं, "तुमच्या बोलीत जोडीला काय म्हणतात? म्हणजे समोर उभा राहतो त्याला?" माणूस सांगेल ते कोणाकडून तरी लिहून घ्यायचं. शकीलचे अब्बा एकदा डबा द्यायला आले तर त्यांनाही विचारलं. अब्बा जरा विचार करून म्हणाले, "हरीफ. लेकिन पुराने लोग तो यार को भी हरीफ बोलते थे, नाना. साथ बैठनेवाले को." नानांना ते इतकं आवडलं की त्यांनी अब्बांना चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही. पेठेतले एक मारवाडी शेठ तालमीला दरवर्षी तेल देत. ते म्हणाले, "हम तो नाम ही नहीं लेते. 'सामनेवाला' बोलते हैं." नानांनी विचारलं, "आणि तुमचा सामनेवाला कसा आहे?" शेठ म्हणाले, "समोरचंच दुकान. आमच्याकडे माल संपला की गिऱ्हाईक त्याच्याकडे पाठवतो. तो पण पाठवतो. नहीं तो दोनों का गिऱ्हाईक तिसरीकडे जाईल."

शिरपूरकडच्या डोंगरातला पावरा समाजाचा एक मुलगा आमच्यात होता, मितभाषी आणि धावण्यात सगळ्यांच्या पुढे. त्याला शब्द आठवेना. त्याने आईला फोन लावला. बराच वेळ बोलून तो म्हणाला, "आई विचारते, कशातला? पळण्यातला का? ती म्हणते, त्याला काय वेगळं नाव असतं, तो सोबत पळणारा." नानांनी फळ्यावर तसंच लिहून घेतलं: सोबत पळणारा. संस्कृत येणाऱ्या एका सरांनी जुन्या काळातला सवतीवरून आलेला एक शब्द सांगितला, तो मात्र नानांनी लिहू दिला नाही. म्हणाले, "घरमानलं भांडन आखाडात नको." 'प्रतिस्पर्धी' हा शब्दही त्यांच्या मनाला येत नसे. "पेपरमा छापाले ठीक शे. बोलता बोलता दम लागस."

रविवारी इंग्रजी शिकवायला येणाऱ्या सरांनी 'रायव्हल' शब्दाची गोष्ट सांगितली तेव्हा मी तिथे होतो. मूळ लॅटिन भाषेत त्याचा अर्थ एकाच ओढ्याचं पाणी घेणारे शेजारी. नानांनी लगेच माझ्याकडे बोट केलं. माझे वडील पांझरा नदीच्या फडावर, म्हणजे बंधाऱ्याखालच्या सामाईक पाण्याच्या शेतीवर, पाटकरी आहेत. बंधाऱ्याचं पाणी पाटाने फिरतं आणि कोणाच्या शेताला किती वेळ द्यायचं ते पाटकरी बघतो. नानांनी मला सगळ्यांसमोर उभं करून विचारलं, "सांग, एका पाटवरना लोके भांडतस का?" मी म्हणालो, "पाळीवरून रोज भांडतात. डोकी फुटायची वेळ येते. पण पाटातला गाळ काढायच्या दिवशी सगळे फावडं घेऊन येतात. जो येत नाही त्याच्या शेताला शेवटी पाणी." नाना म्हणाले, "लिही." मीच फळ्यावर लिहिलं, माझं अक्षर चांगलं होतं म्हणून. पुढे तो सगळा कोपरा मी सुंदर अक्षरात माझ्या वहीतही उतरवून घेतला. एवढं सगळं ऐकून, लिहून, उतरवून मी जे केलं ते आता सांगतो.

आम्ही जिची तयारी करत होतो त्या महसूल खात्याच्या भरतीची जाहिरात आली. परीक्षेला चार महिने होते. जागा मोजक्या, आणि आरक्षणाच्या हिशेबात आम्ही दोघं एकाच गटात. त्याच आठवड्यात वडिलांचा फोन आला. ते रागावले नव्हते, उलट समजावून सांगत होते. "यंदानं साल शेवटलं, बेटा. मना गुडघा चालत नही. मंग तू घर ये, पाटवर उभा राह्य." माझ्याआधी आमच्या घरात कोणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. पाटकरी होण्यात कमीपणा नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण मला ते व्हायचं नव्हतं. त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी भरदुपारी, शुद्धीत असताना, मी ठरवलं की शकीलला सोपे प्रश्न द्यायचे.

कोणाला संशय येणार नाही अशा बेताने मी ते करत होतो. पंचायत राज, महसूल कायदा, अंकगणितातले फसवे प्रश्न मला सापडत. ते मी वेगळ्या निळ्या वहीत लिहायचो. शकीलला मात्र जुन्या पेपरांतले, सगळ्यांना पाठ असलेले दहा द्यायचो. तो रोज नऊ-दहा मिळवायचा. तो मला देई ते प्रश्न मात्र घाम काढणारे असत. मला पाच, सहा, कधी चार. मी मनात म्हणायचो, माझा अभ्यास होतोय, त्याचा होत नाही. असे सहा आठवडे गेले.

नाना रोज वह्या बघत. वाचत नसत, फक्त गुण बघत. एका संध्याकाळी त्यांनी माझी आणि शकीलची वही शेजारी शेजारी ठेवली आणि बोट फिरवत आकडे खाली खाली वाचत गेले. दहा, नऊ, दहा, दहा, नऊ. पाच, सहा, चार, सहा. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"इतला फरक जोडमा नही राहत."

मी म्हणालो, "शकील हुशार आहे, नाना."

"हुशार शे. पन दोन महिना पहिले तो एक मार्कनी पुढे व्हता." त्यांनी दोन्ही वह्या मिटल्या. "तू त्याले माती दिधी नही."

मला वाटलं, हाकलून देतील. त्यांनी तसं केलं नाही. त्यांनी माझी खुर्ची उचलली, भिंतीकडे तोंड करून मांडली, आणि फळ्यावर माझ्या नावापुढे एका मुलाकडून शब्द लिहून घेतला: बिनजोड. बाहेरच्या माणसाला वाटावं, केवढा मान. ज्याच्या तोडीचा कोणी नाही तो बिनजोड पैलवान. तालमीतली पोरं मात्र हसली नाहीत, कारण नानांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. नाना पंचविशीचे असताना एका यात्रेत त्यांच्याशी लढायला कोणी पुढे आलं नाही. ढोल-ताशात त्यांनी आखाड्याला पाच फेऱ्या मारल्या, हात वर करून. कोणी उतरलं नाही. लोकांनी फेटा बांधला, नारळ दिला, घरी पाठवलं. पुढच्या वर्षभर धुळ्यात त्यांना सरावालाही जोड मिळाली नाही, सगळे घाबरायचे. त्याच्या पुढच्या यात्रेत मालेगावच्या एका नवख्या पोराने त्यांना दोन मिनिटांत अस्मान दाखवलं. नाना ती गोष्ट संपवताना नेहमी एकच सांगत, "त्या नारयनं मना घात कया." म्हणजे न लढता मिळालेल्या त्या नारळाने. तेव्हापासून ते लढले नाहीत. जोडी लावू लागले.

मी तेरा दिवस भिंतीसमोर बसलो. त्या दिवसांत मी खूप वाचलं, निदान वाचतोय असं वाटलं. चौदाव्या दिवशी सरावाचा पेपर झाला आणि मला एकोणपन्नास मिळाले. आलो तेव्हाच्या साठपेक्षा कमी. पेपर हातात घेऊन मी नानांकडे गेलो. ते हौदाच्या कडेला बसून माती फोडत होते, तेल आणि ताक घालून. मी म्हणालो, "मला जोड परत द्या."

"मी देनारा कोन? त्याले इचार." मग माती हातातून सोडत, "एकला पयनारा कोन्ही पहिला येत नही, भो. तो नुसता पयस." मला फळ्यावरचा 'सोबत पळणारा' आठवला.

मी निळी वही घेऊन शकीलच्या घरी गेलो. त्यांच्या गल्लीत यंत्रमागांचा इतका आवाज की मोठ्याने बोलावं लागतं. माफी मागायला ती जागा फार वाईट. शकील ओट्यावर बसला होता. मी सांगितलं. दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा त्याला ऐकू गेलं नाही.

"मालूम था," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"दुसऱ्या आठवड्यापासून. आजीबाईसुद्धा सोडवेल असले प्रश्न देत होतास." त्याने वही घेतली, चाळली. मग त्याचा चेहरा बदलला. "पण मग मीच गाफील झालो ना. रोज नऊ, रोज दहा. मला वाटलं, झालं आपलं. हे पान बघ. पंचायत राज. यातलं मला एक येत नाही, योग्या. एक पण नाही." तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. आतून अब्बांनी विचारलं, "कौन है?" शकील म्हणाला, "मेरा हरीफ है, अब्बा," आणि मला म्हणाला, "पाणी पी. आणि उद्या सहाला ये. आता मी तुला असे काढतो की रडशील."

उरलेले दोन महिने आम्ही खरंच एकमेकांना रडवलं. रोज दहाचे वीस झाले. नानांनी माझी खुर्ची वळवून पुन्हा शकीलसमोर ठेवली, फळ्यावरचा शब्द स्वतःच्या हाताने पुसला आणि त्या विषयावर पुन्हा कधीच बोलले नाहीत. परीक्षा झाली. निकाल लागला. मी यादीत शेवटून दुसरा. शकील दोन गुणांनी राहिला.

कोणते प्रश्न चुकले ते आम्ही नंतर उत्तरतालिका घेऊन बसून तपासलं. शकील म्हणाला, "छोड ना." मी सोडलं नाही. त्याच्या चुकलेल्यांत चार पंचायत राजचे होते. सहा आठवड्यांचा गाळ दोन महिन्यांत पूर्ण निघत नाही, हे पाटकऱ्याच्या मुलाला कोणी सांगायला नको.

मी रावेरला रुजू झालो. नानांशी फोनवर बोलता येत नाही. कुस्तीत फुटलेल्या कानांनी त्यांना आता फार कमी ऐकू येतं. फोन लावला की ते आपलंच बोलत राहतात. म्हणून आमचा पत्रव्यवहार चालतो. मागच्या आठवड्यात त्यांचं कार्ड आलं, कोणा मुलाच्या अक्षरात: तालमीच्या भिंतीवर नोकरी लागलेल्या मुलांची नावं रंगवतात, सोमवारी रंगारी येणार, तुझं पूर्ण नाव आणि पद कळव. त्याला मी पाठवलेलं हे उत्तर.

*

रावेर

तीर्थरूप नानांना,

योगेशचा साष्टांग नमस्कार. मी इथे बरा आहे. तहसील कार्यालयाच्या मागे खोली घेतली आहे. केळीचे ट्रक भरायचे दिवस आहेत, त्यामुळे रस्त्याला कायम गर्दी. काम समजू लागलं आहे. साहेब म्हणतात, अक्षर चांगलं आहे. वडिलांच्या गुडघ्याला मी जळगावच्या डॉक्टरांना दाखवलं. पाटावर आता माझा चुलतभाऊ उभा राहतो.

नाना, तुम्हाला एक कळवायचं होतं. मी रोज सहाला कार्यालयातून सुटलो की शकीलला फोनवर वीस प्रश्न पाठवतो. मी आता परीक्षेला बसणार नाही, तरी तोही मला वीस पाठवतो. म्हणतो, नाहीतर तू सोपे काढशील. काल मला वीसपैकी सात मिळाले. त्याने मला फार बोलून घेतलं.

त्याची पुढची परीक्षा येत्या रविवारी जळगावला आहे. मी शनिवारची रजा टाकली आहे. धुळ्याची गाडी येईल तेव्हा मी स्टँडवर असेन. त्याला जवळच असोद्याला आमच्या मावशीकडे मुक्कामाला नेईन. मावशीला सांगितलं आहे, ती त्याला वरणबट्टी करून घालणार आहे. सकाळी मोटरसायकलवर केंद्रावर सोडेन आणि पेपर सुटेपर्यंत बाहेर बसेन. या वेळी नाही झालं तर पुढच्या वेळी. मला रजा भरपूर आहेत.

तुम्ही मला बाजूला बसवलंत तेव्हा मला तुमचा राग आला होता. आता येत नाही. तुम्ही मला हाकलून दिलं असतं तर मी आजही स्वतःला शहाणा समजत असतो.

भिंतीवर नाव लिहायचं विचारलंत, मला फार बरं वाटलं. घरी सांगितलं तर आई रडली. पण कृपा करून या सोमवारी माझं नाव लिहू नका. जागा मात्र राखून ठेवा, जरा मोठी. शकीलची ऑर्डर येईपर्यंत मी तालमीत पाऊल ठेवणार नाही, हे मी ठरवलं आहे; तोवर तुमचे पाय इथूनच धरतो.

रंगाऱ्याला एकदाच बोलवा. त्याला दोन नावं सांगायची आहेत.

आपला,
योगेश